१:३५ सेंच्युरियन : बाजूचे पत्रे आणि टरेटवरची पेटी घरी तयार करून बसवण्याविषयी

प्रश्न

नमस्कार मंडळी. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमधून लढले, तो १७ पूना हॉर्स रेजिमेंटचा ‘फामागुस्ता’ रणगाडा १:३५ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या प्लास्टिकच्या मॉडेलच्या रूपात, करायला घेतला आहे. किटमधील बाजूचे पत्रे, म्हणजे चाकांचा वरचा भाग झाकणारे स्कर्ट, फारच जाड वाटले, म्हणून ०.५ मिलिमीटरच्या स्टायरीन, म्हणजे प्लास्टिकच्या, शीटमधून नवे कापले. पण तेही लाकडी फळीसारखे दिसतात. टरेटच्या, म्हणजे तोफ असलेल्या फिरत्या घुमटाच्या, कडेची सामानाची पेटीही स्वतः केली. तिची मागची बाजू टरेटच्या गोलाईवर मध्यभागी टेकते आणि दोन्ही टोकांना नखभर फट राहते. शिवाय पेटीच्या झाकणावर जिथे द्रव सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडण्याचे पातळ द्रावण, जास्त लागले, तिथे खळगा पडला आहे. या तिन्ही गोष्टी कशा सुधाराव्यात?

उत्तर १

आपल्या पत्र्याची जाडी एकदा ३५ ने गुणून पाहा. ०.५ मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेसतरा मिलिमीटर होतात, आणि स्कर्टचा पत्रा तर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा असतो. ०.२५ ची शीट घेतली तरी पावणेनऊ मिलिमीटर होतात. म्हणून स्कर्टसाठी मी शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा वापरतो. तो साधारण ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे प्रमाणात साडेतीन मिलिमीटरचा असतो. डबा कात्रीने उभा चिरून सपाट करावा, आणि बाहेरचा रंग व आतला लेप दोन्ही पॉलिश पेपरने घासून काढावेत, नाहीतर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. सुरी पट्टीला लावून हलक्या हाताने तीन-चारदा ओढावी आणि मग पत्रा त्या रेघेवर वाकवून तोडावा. कात्रीने कापलेली कड मुडपते.

या पत्र्याचा आणखी एक गुण असा की लढाईतले स्कर्ट जसे बांधांना, झाडाझुडपांना घासून पिचतात, तसा तो बोटाने दाबून पिचवता येतो. प्लास्टिक घासून पिचल्याचा भास निर्माण करावा लागतो, इथे मात्र धातूच धातूसारखा वागतो. एकच जपावे : एकाच रेघेवर तो पुन्हा पुन्हा वाकवला तर तुटतो. स्कर्ट अडकवण्याचे ब्रॅकेट मात्र पितळी पत्र्याचे करावेत, आणि तो आधी ज्योतीवर तापवून थंड होऊ द्यावा, म्हणजे नरम पडतो आणि काटकोनात नीट वळतो. धातू प्लास्टिकला चिकटवताना द्रव सिमेंटचा उपयोग नाही. फेविक्विक किंवा दोन भागांचे इपॉक्सी लागेल.

उत्तर २

पेटीच्या फटीवर सोपा उपाय आहे. पॉलिश पेपरची खरखरीत बाजू वर ठेवून तो टरेटवर, पेटी जिथे बसणार नेमका तिथेच, चिकटपट्टीने ताणून लावा आणि पेटीची मागची बाजू त्यावर मागेपुढे घासा. टरेटची गोलाई आपोआप पेटीत उतरते. त्यासाठी मागची भिंत मात्र मुळातच जाड, निदान १.५ मिलिमीटरची हवी. आपली पातळ असेल तर आतून एक पट्टी जोडून घ्या. घासताना पेटी जराही तिरकी होऊ देऊ नये, आणि दर दहा-बारा हातांनी बसवून पाहावे.

एवढे करूनही फट उरली, तर टरेटवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवून पेटीच्या मागे एम-सीलची बारीक सुरळी लावा, पेटी जागेवर दाबा आणि बाहेर आलेले एम-सील ओल्या बोटाने सारखे करा. ते पूर्ण कडक झाल्यावर पेटी सुटी निघते, आणि रंगकाम सुटे करता येते. व्हॅसलीन मात्र साबणाच्या पाण्याने धुऊन काढायला विसरू नये.

खळग्याचे कारण असे, की सिमेंट प्लास्टिक विरघळवूनच जोडते आणि पातळ शीटला तेवढे सोसत नाही. दोन भाग आधी कोरडे जुळवून धरावेत आणि ब्रशचे टोक सांध्याला फक्त टेकवावे. द्रव फटीत आपोआप ओढला जातो. सपाट पृष्ठभागावर सपाट शीट चिकटवताना तर फारच थोडे वापरावे, कारण आत कोंडलेले सिमेंट कित्येक दिवसांनीही शीट वाकवते.

उत्तर ३

मापांविषयी एक सुचवतो. हाच रणगाडा पुढे परत मिळाला, त्याची दुरुस्ती झाली आणि तो अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आरमर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन केला आहे. त्याच गावी कॅव्हलरी टँक म्युझियमही आहे. पण जतन केलेल्या रणगाड्याचे आजचे रूप आणि १९७१ मधले रूप एकच असेल असे गृहीत धरू नये. पेट्या, दिवे, रंग या बाबतींत युद्धकाळातली छायाचित्रे आधी पाहावीत. छायाचित्रावरून माप काढताना सेंच्युरियनची पट्टेसाखळी कामाला येते. ती ६१० मिलिमीटर रुंद, म्हणजे १:३५ मध्ये सुमारे १७.४ मिलिमीटर. समोरून घेतलेल्या छायाचित्रात तिच्या तुलनेत तिच्या जवळच्या भागांची रुंदी बऱ्यापैकी अचूक निघते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री पेटी पॉलिश पेपरवर घासली. उजव्या टोकाची फट पूर्ण मिटली, डावीकडे कागदाच्या जाडीएवढी उरली आहे, तिथे एम-सील लावीन. डब्याच्या पत्र्याचा पहिला स्कर्ट कापून झाला आहे. ब्रॅकेटसाठी पितळी पत्रा आणला की तो जागेवर बसवतो.