बोटं गेली, शेठ साठ हजारांत मिटवा म्हणतात. सही करावी का?

नीलाक्षी_
दादा प्रेस मशीनवर ऑपरेटर आहे. कामावर अपघात झाला, बोटं गेली. शेठ म्हणतात 60,000 घ्या आणि "यापुढे काही मागणार नाही" असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या. सोमवारी बोलावलंय. किती मागायचे? वकील करा म्हणू नका, तेवढी ऐपत नाही. प्लीज लवकर.

उंबरठा
किती बोटं, कुठपर्यंत? वय? पगार? पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत होते का?

बापूराव71
घेऊन टाका ताई. आमच्या साडूंनी केस केली, तारखांना जाऊन चपला झिजल्या. हातात पडेल ते आपलं.

खडूस_लेखनिक
बापूराव, पोरीला खड्ड्यात घालू नका. असा समझोता 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 28 खाली आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, नोंदवावा लागतो. रक्कम फारच कमी असेल तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदवलाच नाही तर कलम 29: मालकाचं पूर्ण देणं तसंच उभं राहतं. आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त वळते करून घेता येत नाहीत. साठ दिले तर तीसच वजा.

नीलाक्षी_
पगार 18,000, वय 35. उजवा हात. अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं, मधल्याचं एक. सात-आठ जणांचं वर्कशॉप, ईएसआय नाही. अजून काय सांगू?

तुषार_नवा
1923 चा कायदा आता गेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे. वरचे सगळे सल्ले बाद.

उंबरठा
म्हणूनच विचारतोय, अपघाताची तारीख काय?

नीलाक्षी_
जून 2025. लिहिलं नव्हतं का?

उंबरठा
नव्हतं. असो, अपघात आधीचा, म्हणजे हिशेब जुन्याच कायद्याने. पगार 18,000 असला तरी धरतात 15,000 च. त्याचे 60 टक्के 9,000. वयाप्रमाणे कायद्यात गुणक ठरलेला असतो, पस्तिशीचा 197.06. गुणाकार 17,73,540. कमाईची ताकद किती गेली याचाही तक्ता आहे: तर्जनीची दोन पेरं 11 टक्के, मधल्या बोटाचं एक 7. एकाच अपघातातली म्हणून बेरीज, 18. म्हणजे साधारण 3,19,000. महिन्याभरात दिले नाहीत म्हणून वर 12 टक्के व्याज. उपचाराचा खर्च वेगळा, बिलं जपा.

लालबावटा_जुना
18 कसले, 100 टक्के मागा! प्रेस ऑपरेटर आता प्रेस चालवणार कशी? सुप्रीम कोर्टाने सुताराला दिलेत, 1976 चा प्रताप नारायण सिंग देव निकाल वाचा.

खडूस_लेखनिक
त्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता हो. इथे दोन बोटं आहेत. उगाच आशा लावू नका.

लालबावटा_जुना
मागायला काय जातं? तुम्ही लेखनिक लोक आधीच मालकाच्या बाजूने हिशेब करता.

भिंगरी
पीएफ ट्रान्सफरचं कोणाला माहीत आहे का? चार महिने झाले, अडकलंय.

उंबरठा
भिंगरीताई, वेगळा धागा काढा. नीलाक्षी, प्रेसला गार्ड होता?

नीलाक्षी_
हात आत राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी बटणं दाबायची असतात. एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं असायचं. माल जास्त निघावा म्हणून शेठनीच लावायला लावली. आता म्हणतात, तूच लावलीस, एक पैसा देणं लागत नाही, माणुसकी म्हणून देतोय.

खडूस_लेखनिक
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून निकामी केलं, हाच मालकाचा बचाव असतो. बाकीच्या मशिनींना अजून पट्टी आहे का? फोटो काढा. शेजारी कोण काम करत होतं, त्यांच्याशी बोला.

बापूराव71
शेजारचे साक्ष देतात होय! त्यांना उद्या तिथेच जायचंय.

नीलाक्षी_
एक जण काम सोडून गेलाय. तो बोलेल. पण वकिलाशिवाय होतं का?

लालबावटा_जुना
होतं. अर्ज स्वतः करता येतो. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही लेखी अधिकार देऊन उभा करता येतो. अपघातापासून दोन वर्षांत करा.

नीलाक्षी_
सोमवारी जावं की नाही?

उंबरठा
जा, सही करू नका. "समझोता आयुक्तांकडे नोंदवूया" एवढंच म्हणा आणि शेठ काय म्हणतात ते इथे कळवा.

भिंगरी
वेगळा धागा कुठून काढायचा?