मदत हवी आहे: ४२ रेपो एका कमांडने अपडेट कसे करू?

हिंजवडी_फेज२: ४२ रेपो (कोडचे साठे), सगळे वेगवेगळ्या फोल्डरांत. एकेकात जाऊन पुल मारणं (सर्व्हरवरचे नवे बदल आणणं) आता अशक्य आहे. स्क्रिप्ट लिहिली, ती निम्म्यात अडकते. एकच टूल सुचवा. आज संध्याकाळपर्यंत हवंय.

कोथरूडकर: अडकते म्हणजे काय? एरर जशीच्या तशी टाका. सगळे गिटच (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) का? लिनक्स की विंडोज?

पेठेतला_कोडर: मोनोरेपो करा, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच. ४२ हवेतच कशाला?

कोथरूडकर: अहो, त्यांनी ते विचारलंच नाही. इतिहास जपून ४२ रेपो एकत्र करणं संध्याकाळपर्यंत होत नसतं.

हिंजवडी_फेज२: उबुंटू. ३६ गिट, ६ जुने एसव्हीएन (गिटच्या आधीचं तसंच टूल). एरर ‘कनेक्शन रीसेट बाय पिअर’, दर वेळी वेगळ्याच रेपोंना. स्क्रिप्ट सगळे पुल एकदम बॅकग्राउंडला सोडते. सर्व्हर ऑफिसातला, एसएसएचने (सुरक्षित रिमोट लॉगिन) जोडतो.

बाणेर_टर्मिनल: मग दोष स्क्रिप्टचा आहे. ओपनएसएसएच सर्व्हरचं मॅक्सस्टार्टअप्स (लॉगिन पूर्ण न झालेल्या कनेक्शनांची मर्यादा) मुळात १०:३०:१०० असतं. अशी १० कनेक्शनं झाली की नवी ३० टक्के शक्यतेने तोडली जातात, पुढे प्रमाण वाढत १०० ला सगळीच. म्हणून दर वेळी वेगळे रेपो पडतात. मायरेपोज (अनेक रेपोंवर एकच कमांड चालवणारं टूल) बसवा, कमांडचं नाव एमआर. प्रत्येक रेपोत एकदा ‘एमआर रजिस्टर’, मग होममधून ‘एमआर -जे ४ अपडेट’, म्हणजे एका वेळी चारच. चारच्या वर जाऊ नका. गिट, एसव्हीएन दोन्ही ओळखतं, एक पडला तरी बाकीचे चालू राहतात. शेवटी पडलेल्या रेपोंची नावं हवी असतील तर -एस लावा.

खराडी_बिल्ड: त्यापेक्षा गूगलचं रेपो टूल घ्या. एक मॅनिफेस्ट (रेपोंची यादी), ‘रेपो सिंक -जे४’, संपलं.

बाणेर_टर्मिनल: ते फक्त गिटसाठी आहे, सहा एसव्हीएन तसेच राहतील. शिवाय सिंकनंतर डिटॅच्ड हेड (कुठल्याच ब्रँचवर नसलेली स्थिती) मिळतो. ‘रेपो स्टार्ट’ न करता कमिट केलं तर ते कुठल्याच ब्रँचवर नसतं, मग रीफ्लॉगमधून (गिटने ठेवलेल्या हालचालींच्या नोंदीतून) शोधत बसायचं.

खराडी_बिल्ड: मग व्हीसीएसटूल. यॅमल (साध्या मजकुराची) यादी, एसव्हीएन चालतं, आणि ‘व्हीसीएस एक्स्पोर्ट --एक्झॅक्ट’ने प्रत्येक रेपोचा नेमका कमिट नोंदवता येतो. मायरेपोजमध्ये ही सोय नाही.

कोथरूडकर: बिल्डसाठी ते चांगलंच. इथे रोजचा पुल हवाय. एमआरकॉन्फिगमध्ये (एमआरच्या सेटिंग फाइलमध्ये) डिफॉल्टखाली ‘गिट_अपडेट = गिट पुल --एफएफ-ओन्ली’ लिहा, म्हणजे नकळत मर्ज कमिट पडणार नाहीत.

हिंजवडी_फेज२: ४० झाले! दोन फेल: ‘इंडेक्स.लॉक एक्झिस्ट्स’.

कोथरूडकर: पुल चालू असताना मशीन बंद पडलं होतं का?

हिंजवडी_फेज२: हो, काल गुरुवार, वीज गेली होती.

पेठेतला_कोडर: आमच्याकडे गुरुवारी पाणीही नसतं.

बाणेर_टर्मिनल: आधी ‘पीएस’ने (चालू प्रोसेसची यादी) त्या दोन फोल्डरांत गिट चालू नाही याची खात्री करा. मगच डॉटगिटमधली लॉक फाइल काढा, ‘गिट एफएससीके’ (रेपो धड आहे का ते तपासणारी कमांड) चालवा आणि तेवढ्याच दोघांवर एमआर अपडेट पुन्हा.