सहावीतल्या मुलीसाठी मराठी शब्दखेळ: कुठून सुरुवात करू?

रेणुका_म
मुलगी सहावीत आहे, शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्डल (पाच अक्षरी इंग्रजी शब्द अंदाजाने ओळखायचा ऑनलाइन खेळ) रोज न चुकता सोडवते. घरी मराठीच बोलतो, पण वाचायचं म्हटलं की टाळाटाळ. पेपरातलं शब्दकोडं पुढे ठेवलं तर दोन-तीन शब्द भरते आणि "आई, हे शब्द कोणी बोलतच नाही" म्हणून उठते. तिला मराठीतही अक्षरांशी खेळायची गोडी लागावी असं फार वाटतं. कागदावर खेळता येईल असं काही सुचवा, मोबाइल नको. आणि अशा खेळांनी शब्दसंग्रह खरंच वाढतो का?

शुभदा_सातारा
रेणुकाताई, मी शाळेत मराठी शिकवायचे आणि फलकावर मुलांसाठी कोडी घालायचे, त्या अनुभवावरून लिहिते.

वर्डल मराठीत खेळताना पाच अक्षरांचा हट्ट सोडा. इंग्रजीत एका चौकटीत २६ पर्याय. आपल्याकडे चौकटीत काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर बसतं, एकट्या 'क'ची बाराखडीच १२ पर्याय देते, जोडाक्षरं वेगळीच. म्हणून तीन अक्षरी शब्द घ्या. खुणा अशा: अक्षर तंतोतंत जुळलं तर गोल, व्यंजन जुळलं पण मात्रा चुकली तर त्रिकोण, नाहीतर फुली. त्या-त्या जागेपुरतंच बघायचं.

समजा तुम्ही 'चिमणी' मनात धरलीत. ती म्हणाली 'चमचा'. च खाली त्रिकोण, म खाली गोल, चा खाली फुली. म्हणजे पहिल्या घरात चा, चि, चु असं काहीतरी आहे. मग ती 'चिमटा' म्हणते: गोल, गोल, फुली. ट बाद, म्हणजे 'चिमटी'ही बाद. आता ती मनातल्या मनात बाराखडी फिरवायला लागते, आणि मला या खेळातला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. मात्रेकडे इतकं निरखून मुलं एरवी कधी बघत नाहीत.

दुसरा खेळ, एका शब्दातून अनेक शब्द. 'सरपण' द्या. सर, रस, सण, पण, रण, सरण, परस. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला सरपण आणि परस दोन्ही सांगावे लागतील. सांगाच. चुलीत काय घालायचे, घरामागच्या जागेला काय म्हणायचे, हे बोलणं झालं की शब्द टिकतो. नुसता चौकटीत भरलेला शब्द दुसऱ्या दिवशी विसरतो.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आलं. माझ्या पाहण्यात कोड्यांनी अर्धवट माहीत असलेले शब्द पक्के होतात. कोरे नवे शब्द मात्र वाचनातून आणि मोठ्यांच्या बोलण्यातून येतात. कोडं त्यांना पुन्हा पुन्हा समोर आणतं.

मंदार_सिएटल
इथे रविवारच्या मराठी वर्गात मी शब्दांची शिडी घेतो. एका वेळी एकच अक्षर बदलायचं: गजर, नजर, नगर, मगर, मकर. देवनागरी हळू वाचणाऱ्या मुलांनाही जमतं, कारण बाकीची दोन अक्षरं हाताशी असतात.

ताईंच्या मुलीला आकडेमोड आवडत असेल तर आणखी एक. स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर मांडून शब्द बनवायचा खेळ, तयार करणारे आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कुठली सोंगटी किती ठेवायची ते ठरवलं होतं. मराठी पेपरचा एक परिच्छेद घेऊन तिलाच मोजू द्या. त्यावरून पुठ्ठ्याच्या सोंगट्या कापा, व्यंजनं वेगळी आणि मात्रा वेगळ्या.

शुभदा_सातारा
मंदार, मोजणीची कल्पना फार आवडली. तिथेच मुलांना अक्षरांच्या सवयी दिसतात. ण आणि ळ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, म्हणून तर भेंड्यांत 'ळ' आला की आपण 'ल' घेतो. शब्दाच्या शेवटांचंही तसंच. 'खोर' दिलं की भांडखोर, लाचखोर, बंडखोर. 'दार' दिलं की दुकानदार, जबाबदार, फौजदार. शेपूट ओळखलं की अनोळखी शब्दही अर्धा कळतो.

रेणुका_म
शुभदाताई, मंदार, मनापासून आभार. काल 'सरपण' खेळलो, 'परस' तिच्या आजीने समजावला, त्यावरून गावच्या घराच्या गोष्टी निघाल्या. आता म्हणते, मीच आजीसाठी शब्दकोडं करते! पण आडवे-उभे शब्द जुळतच नाहीत. आणि ऱ्हस्व-दीर्घाची सूट द्यायची का?

शुभदा_सातारा
वा, आजीसाठी कोडं, याहून चांगलं काय! जुळत नाहीत कारण दोन शब्द जिथे छेदतात तिथे मात्रेसकट तेच अक्षर लागतं. तिला सांगा, छेदाच्या घरात क, र, त, न, म, ला, का, रा अशी सारखी भेटणारी अक्षरं ठेव आणि काळी घरं सढळ हाताने दे. सात बाय सातची चौकट पुरे. आधी लांब शब्द टाकायचे, मग दोन अक्षरी.

शब्द स्वयंपाकघरातलेच घेऊ दे: परात, झारा, उलथणं, रोवळी. 'हे शब्द कोणी बोलत नाही' ही तिची तक्रार रास्त आहे. बोलले जाणारे शब्द तिच्या आजीकडे भरपूर आहेत. सूचना लिहिणं ही मोठी मजा. 'तांदूळ धुऊन निथळत ठेवतात ती (३)' हे सरळ झालं. 'ताक घुसळते ती, आकाशात उगवतो तो (२)' म्हणजे रवी. अशी एक तरी जमली की ती थांबणार नाही. अर्थ अडला तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा १८५७चा कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

सूट मात्र देऊ नका. 'चिमा काय कामाची' उलट वाचताना चि-ची चालवून घेतो, ते ठीक. कोड्यात 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. आजीच तपासणार असेल तर ती सोडणारही नाही.