मदत हवी आहे: पहिल्याला आतड्याचा जन्मजात दोष, दुसऱ्याला होईल का?

काळीमाती: नमस्कार मंडळी. पोराचं आतड्याचं ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी आहे. घरची आता तीन महिन्यांची गरोदर आहे. जीनची तपासणी कुठं होते, किती लागतात? लवकर सांगा राजेहो. शनिवारी नागपूरला चाललो, एकाच चकरेत उरकायचं आहे. कापूस फुटला, वेचायला माणूस नाही.

शेवंती: दोष कोणता? शीची जागाच नव्हती, की जागा असून होत नव्हती? दोन्हींत पिशवी लावतात, पण आजार वेगळे.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्या पुतण्याचं पोट असंच फुगे. बेंबीवर हिंग लावला, बाळगुटी दिली, मोकळं झालं.

काळीमाती: ठेचाभाऊ, ऑपरेशन झालं म्हणतो ना! जागा होती. जन्मल्यावर तीन दिवस काळी शी नाही, पोट ढोलकीवानी. गावात म्हणे होईल, होईल.

रिटायर्ड_सिस्टर: बायोप्सीच्या कागदावर काय आहे?

काळीमाती: 'गॅन्ग्लियॉन पेशी दिसत नाहीत'. पुढं एक लांबलचक नाव, ह वरून.

रिटायर्ड_सिस्टर: हर्शस्प्रुंग. कोपनहेगनच्या डॉक्टरचं नाव, त्यांनी १८८६ मध्ये हा आजार मांडला. गर्भात आतड्याच्या नसांच्या पेशी, म्हणजे कागदावरच्या त्याच गॅन्ग्लियॉन पेशी, वरून खाली सरकत जातात. मधेच थांबल्या की खालचा तुकडा ढकलायचं कामच करत नाही, मागं सगळं तुंबतं. साधारण पाच हजारांत एका बाळाला होतो.

पिंपळपार: ग्रहणात विळी-चाकू धरला असेल वहिनींनी.

शेवंती: पिंपळपार, ग्रहणानं पेशी थांबतात होय? ते सरकणं साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत संपतं. बाईला दोष देऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा: फॉलिक ॲसिड सुरू करा मग.

रिटायर्ड_सिस्टर: ते घ्यायचंच, पण मणक्याच्या दोषासाठी. यावर उपाय नाही तो. यात मुख्य जनुक 'रेट', दहाव्या गुणसूत्रावर. तो बिघडला तरी प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, आणि बऱ्याच मुलांत बिघाड सापडतही नाही. मुलग्यांत हा आजार मुलींच्या जवळपास चौपट.

वऱ्हाडी_ठेचा: मग पोरगी आहे का तेवढं पाहून घ्या.

शेवंती: ठेचा, तो गुन्हा आहे, जेल होते. काढा तो प्रतिसाद.

मायमाउली: पिशव्या महाग पडतात भाऊ. जुन्या सुती लुगड्याच्या घड्या ठेवा, भोवती झिंकचं मलम. आमच्या लेकीची कातडी लाल व्हायची, त्यानं थांबली. ताप, फुगलेलं पोट, घाण वासाचे पातळ जुलाब दिसले तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना.

काळीमाती: पिशवीचं नाही विचारलं माय, पण लुगड्याचं सांगतो घरी. होईल का ते सांगा ना कोणी. आई म्हणते सुनेच्या माहेरचा दोष.

शेवंती: नात्यातलं लग्न का?

काळीमाती: मामाची पोरगी.

शेवंती: म्हणजे आईचंही माहेर तेच की!

रिटायर्ड_सिस्टर: नातं डॉक्टरांना सांगाच, पण रेटचा बिघाड एकाच बाजूनं आला तरी पुरतो. सख्ख्या भावंडाला धोका सरासरी शंभरात चार धरतात. आतड्याचा लांब भाग बिघडलेला असला तर त्याहून जास्त. किती लांब होता?

काळीमाती: कागदावर असेल.

रिटायर्ड_सिस्टर: तो कागद न्या, पोरालाही न्या. आधी त्याचं रक्त तपासतात. बिघाड मिळाला तर मग तुम्हा दोघांचं. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला बालशल्यचिकित्सा विभागात विचारा. रक्त बहुतेक बाहेरच्या लॅबला जातं, एका चकरेत होणार नाही. सोनोग्राफीत हा आजार सहसा दिसत नाही, म्हणून बाळंतपण बालसर्जन असेल तिथं करा आणि पहिल्या दोन दिवसांत काळी शी झाली का ते पाहा. पैशासाठी जिल्हा रुग्णालयातल्या बालआरोग्य कार्यक्रमाच्या केंद्रात जा.

पिंपळपार: यवतमाळहून सकाळची एसटी किती वाजता आहे? मलाही जायचं आहे.

शेवंती: काळीमातीभाऊ, तुमच्या बाजूला पोटाचा त्रास कोणाला?

काळीमाती: नाही कोणाला. मला पाचवीपर्यंत आई एरंडेल पाजायची, आठ-आठ दिवस होत नसे. ते धरायचं का?

रिटायर्ड_सिस्टर: धरायचं. डॉक्टरांना हेच पहिलं सांगा.

काळीमाती: बरं. आईला काय सांगू मग?