नुर्बुर्गरिंग, १९५७ ची शर्यत : दोन दिवसांत काय बघावं, कुठून बघावं?

पुनर्वसू
मुक्काम कोलोनला, हातात शनिवार-रविवार आणि भाड्याची गाडी. ४ ऑगस्ट १९५७ ची जर्मन ग्रां प्री (फॉर्म्युला वन मोटारशर्यत) जिथे झाली तो नुर्बुर्गरिंगचा ट्रॅक नीट समजून घ्यायचा आहे. निकाल माहीत आहे : मासेराटीतला फान्जिओ पहिला, फेरारीतले हॉथॉर्न दुसरा आणि कॉलिन्स तिसरा. पण पाऊण मिनिटाची पिछाडी भरून काढली म्हणजे नेमकं काय केलं, ते जागेवर कळायला हवंय. जाण्याआधी काय तयारी करू? कुठे उभं राहू? आणि स्वतः गाडी घालून एक फेरी मारावी का?

गिअरबॉक्स
तयारी आधी करा, नाहीतर तिथे फक्त झाडं आणि डांबर दिसेल.

एका कागदावर २२ रकाने आखा, शर्यतीच्या प्रत्येक फेरीला एक. फेरी २२.८१ किमीची, म्हणजे एकूण जवळजवळ ५०२ किमी. आता एका फेरीला लागलेल्या वेळेच्या तीन नोंदी लिहा. १९५६ चा शर्यतीतला विक्रम, फान्जिओचाच : ९ मिनिटं ४१.६ सेकंद. १९५७ ला सुरुवातीच्या रांगेत पहिली जागा मिळवताना सरावात काढलेली वेळ : ९:२५.६. आणि शर्यतीच्या विसाव्या फेरीत : ९:१७.४. म्हणजे स्वतःच्या सरावातल्या सर्वोत्तम वेळेपेक्षा आठ सेकंद कमी, तेही जवळजवळ ४५० किमी गाडी हाणून झाल्यावर.

बाराव्या फेरीच्या रकान्याला लाल खूण करा. तिथे फान्जिओ पिटमध्ये, म्हणजे इंधन-टायर घेण्याच्या जागी, थांबला. आत येताना सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी होती, बाहेर पडला तो तिसरा, ४५ ते ५० सेकंद मागे. उरल्या दहा फेऱ्या. भागाकार करा : फेरीमागे पाच सेकंद. एका फेरीत दीडशेहून जास्त वळणं आहेत, म्हणजे वळणामागे सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग. हा आकडा डोक्यात ठेवून तिथे उभे राहिलात तर समोरचं वळण वेगळं दिसतं. एखाद्या ठिकाणी मोठा चमत्कार झाला नाही. प्रत्येक वळणात थोडं थोडं खरवडून काढलंय.

चौथा_गिअर
यात टायर आणि इंधनाचं गणित जोडा, त्याशिवाय थांबला का ते कळणार नाही. मासेराटी २५०एफ ची टाकी शेपटीत, चालकाच्या मागे, सुमारे दोनशे लिटरची. इंधन अल्कोहोलमिश्रित, कारण तेव्हा ते चालत होतं. १९५८ पासून बंद झालं. अर्धी टाकी घेऊन निघालं की साधारण ८० किलो वजन कमी, आणि तेही मागच्या चाकांवरचं. त्यात पिरेलीचे टायर मऊ : पकड चांगली, पण झिजणारे. त्यामुळे मासेराटीचा बेत असा, की हलक्या गाडीने पुढे पळायचं, मध्यावर इंधन आणि मागचे टायर घ्यायचे. फेरारीवाल्यांकडे एंगलबर्टचे कडक टायर आणि भरलेली टाकी, न थांबता शेवटपर्यंत.

बेत बरोबर होता, अंमलबजावणी फसली. त्या काळी चाक मधल्या एकाच मोठ्या नटावर बसायचं, हातोडीने ठोकून सैल करायचं. थांबा रेंगाळला आणि आघाडी गेली. नवे टायर रुळेपर्यंत लगेच जोरही करता येत नव्हता.

गिअरबॉक्स
बरोबर, आणि याच रुळण्याच्या काळाने फेरारीला गाफील ठेवलं. बघा : पिटमधून चालकाला वेळ कळवणारी पाटी दाखवायची ती फेरीतून एकदा. फान्जिओ पाऊण मिनिट मागे. तो पिटसमोरून जाऊन त्याची वेळ कळेपर्यंत हॉथॉर्न आणि कॉलिन्स केव्हाच पुढे गेलेले. ती बातमी त्यांना मिळणार पुढच्या वेळी, म्हणजे साडेनऊ मिनिटांनी, आणि तोवर ती एक फेरी शिळी. म्हणून कागदावर फेरारीसाठी वेगळी ओळ ठेवा : ‘या क्षणी त्यांना काय माहीत आहे?’ ही ओळ भरलीत की अर्धी शर्यत कळली.

सह्याद्रीकर
आता जागा. बहुतेक लोक थेट कारुसेल हे वळण गाठतात. काँक्रीटचा तो तिरका पट्टा बघण्यासारखा आहेच, पण तिथे सगळेच त्याच खोबणीत चाकं घालतात, फरक पडायला वाव कमी. पहिला वेळ वेगवान वळणांना द्या. शनिवारी सकाळी ब्र्युन्शेन : गाडी लावायची सोय, कुंपणाजवळून उताराची आणि मग चढाची वळणं एका नजरेत दिसतात. तिथून फ्लान्झगार्टन, जिथे रस्ता खाली पडतो आणि गाडी हलकी होते. दुपारी आडेनाउ गावाकडे उतरा. ब्रायडशायडचा पूल हा ट्रॅकचा सगळ्यात खालचा भाग, गावाचा रस्ता त्याच्या खालून जातो. तिथून चढ सुरू होतो तो बेर्गवेर्क, केसेलखेन करत होहे आख्तपर्यंत. या लांब चढावर इंजिनाची ताकद लागते आणि मागच्या वळणातून वेग घेऊन निघालात की नाही याचा हिशेब इथे चुकता होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा : कॉलिन्सला फान्जिओने एकविसाव्या फेरीच्या सुरुवातीला पिटच्या बाजूला गाठलं, पण तो भाग आज तसा उरलेला नाही. १९८४ ला नवा ट्रॅक झाला, जुना सुरुवातीचा सरळ पट्टा आणि दक्षिणेचं वळण गेलं. जुन्या ट्रॅकचा उरलेला वेढा, म्हणजे आजचा नॉर्डश्लायफ, २०.८३२ किमीचा आहे. जुना पॅडॉक (गाड्या तयार ठेवण्याची जागा) मात्र शिल्लक आहे, तो रविवारी सकाळी बघा. आणि आज दिसणारं लोखंडी कठडं मनातून पुसा. ते १९७० नंतरचं. १९५७ ला कडेला झुडपं, चर आणि झाडं होती, रस्ताही खडबडीत. स्टर्लिंग मॉसची व्हॅनवॉल गाडी पाचवी आली ती त्या खडबडीत रस्त्याला तिचं सस्पेन्शन मानवलं नाही म्हणून.

पुनर्वसू
फार उपयोगी. गाडी घालण्याचं काय?

चौथा_गिअर
भाड्याच्या साध्या गाडीने नाही. सर्वसाधारण करारात हा ट्रॅक वगळलेला असतो, म्हणजे काही झालं तर विमा नाही. कठडं वाकलं तर त्याचं बिल वेगळं, गाडी ओढून नेण्याचं वेगळं, तुमच्यामुळे ट्रॅक बंद राहिला तर तेही. जायचंच असेल तर तिथल्या, ट्रॅकसाठीच गाड्या देणाऱ्याकडून घ्या. सही करण्याआधी अपघातात स्वतःच्या खिशातून किती जाईल तो आकडा वाचा.

पर्यटकांसाठी ट्रॅक उघडा असतो तेव्हा तो एकेरी टोलरस्ता मानतात. ओलांडायचं फक्त डावीकडून. मागून वेगवान गाडी आली की उजवा सिग्नल देऊन उजवीकडे राहा. मध्ये थांबायचं नाही. घड्याळ लावून वेळ काढायला मनाई आहे. उघडायचे दिवस आदल्या संध्याकाळी पुन्हा तपासा. आयफेलच्या या डोंगराळ भागात धुकं आणि पाऊस अचानक येतो, आणि एका टोकाला कोरडं असताना दुसऱ्या टोकाला ओलं असतं.

सह्याद्रीकर
माझं मत : पहिल्या भेटीत चालकाशेजारच्या सीटवर बसा. हातात स्टिअरिंग असलं की नजर फक्त पुढच्या पन्नास मीटरवर राहते. शेजारी बसलात तर वळणांचा क्रम मोजता येतो आणि ब्रायडशायडला हॉथॉर्नची जागा आठवायला सवड मिळते. फान्जिओने त्याला ओलांडलं तेही एकविसाव्याच फेरीत, डाव्या वळणाला आतून. बूट चिखलाला चालतील असे न्या, कारुसेलकडची वाट जंगलातून आहे.

गिअरबॉक्स
आणि तो कागद सोबत ठेवा. शेवटच्या रकान्यात लिहायचा आकडा : ३.६ सेकंद, फान्जिओ हॉथॉर्नच्या जेवढा पुढे संपला तेवढा. त्याची जमिनीवरची लांबी काढून बघायची असेल तर शर्यतीचा सरासरी वेग ताशी १४३ किमी धरा, सुमारे १४३ मीटर भरतात. जुन्या पॅडॉकपासून तेवढं अंतर पावलांनी मोजा.