जेल पॉलिश निघतच नाहीये, क्लायंट समोर बसल्यात. मदत हवी आहे!

नखरेवाली (दुपारी ४:१०)
अर्जंट आहे. एका बेनच्या (गुजराती बाई) नखांवरचं जेल पॉलिश काढतेय. चाळीस मिनिटं झाली, दोनदा कापूस बदलून फॉइल बांधलं, काहीच होत नाहीये. वरून जरा चिकट होतं आणि पुशर (पॉलिश ढकलायची पट्टी) लावला की परत घट्ट. खरवडायची भीती वाटते. ऑर्डर बघतेय असं दाखवून हे टाइप करतेय. दर पाच मिनिटांनी "बेन, हजी केटली वार?" (अजून किती वेळ?) चालू आहे. पंधरा मिनिटांत होईल म्हणून मीच सांगून बसले.
बडोद्यात वाडी भागात घरीच पार्लर आहे. पटकन सांगा.

गोदाकाठ (४:१४)
कुठलं रिमूवर? टॉपकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, फाइलने घासला होतास का? पॉलिश तुझ्याकडचं की दुसरीकडचं? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

कैरीलोणचं (४:१५)
कोमट पाण्यात मीठ आणि लिंबू घालून हात वीस मिनिटं बुडवून ठेवायला सांगा. केमिकलची गरजच नाही. माझ्या मुलीचं असंच निघालं होतं.

गोदाकाठ (४:१७)
@कैरीलोणचं, ते निघत आलेलं असेल म्हणून निघालं. पाण्याने जेल सुटत नाही. नखच पाणी पिऊन मऊ होतं आणि मग पोरी पॉलिश ओढून काढतात, त्याबरोबर नखाचा पापुद्राही येतो.

नखरेवाली (४:१९)
रिमूवर नेहमीचंच आहे, गुलाबी बाटली. त्यात अ‍ॅसिटोन आहे, लिहिलंय तसं. टॉपकोट थोडासा फाइल केला. पॉलिश दुसरीकडचं, नवरात्रासाठी लावलेलं, गडद हिरवं.

ड्रिलवाली (४:२०)
"थोडासा" म्हणजे केलाच नाही. चकाकी पूर्ण जाऊन नख खडूसारखं दिसेपर्यंत फाइल करायचं असतं, नाहीतर रिमूवर आत जाणार कुठून? आणि खरं सांगू का, फॉइल-बिइल सोड. घासायचं मशीन घे. मी दहा बोटं वीस मिनिटांत करते. बेसचा, म्हणजे सगळ्यात खालचा, पातळ थर ठेवायचा आणि त्यावरच नवीन लावायचं. २०१९ पासून फॉइल हातात धरलेलं नाही.

गोदाकाठ (४:२३)
जिला टॉपकोट फाइल करणं माहीत नाही तिच्या हातात आत्ता, समोर बाई बसलेली असताना, मशीन द्यायचं? माझ्याकडे मशीनने जाळलेली नखं घेऊन मुली येतात. नखाच्या बुंध्याशी लाल चंद्रकोर उमटलेली असते, हात लावू देत नाहीत.

ड्रिलवाली (४:२४)
ते शिकवणाऱ्याचं पाप, मशीनचं नाही. सुरीने बोट कापतं म्हणून कोणी दाताने कांदा चिरतं का?

भोचक (४:२५)
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (पुरुष. बायकोच्या आयडीने नाही, स्वतःच्याच.)

पळीपंचपात्र (४:२८)
मी पार्लरमधला नव्हे. बडोद्याजवळच्या एका कंपनीत ३१ वर्षं सॉल्व्हंट हाताळले, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो.
एक, अ‍ॅसिटोन या जेलला साखरेसारखं विरघळवत नाही. लावल्यावर ते यूव्ही दिव्याखाली कडक करतात, तेव्हा त्याची जाळी झालेली असते. अ‍ॅसिटोन त्या जाळीत शिरून ती फुगवतं, मग थर नखावरून सुटतो. बाजारातल्या रिमूवरमध्ये पाणी, तेल, सुगंध घातलेला असतो. साध्या नेलपॉलिशला ते पुरतं, इथे नाही. शुद्ध अ‍ॅसिटोन, ९९ टक्क्यांचं, आणवा. जाळी जितकी घट्ट विणलेली तितकं आत शिरणं अवघड. काही जेल तर अ‍ॅसिटोनने सुटतच नाहीत.
दोन, आणि ही जास्त महत्त्वाची: खोलीत दिवा, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं आहे का? अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं, पण त्याची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ती हवेच्या दुप्पट जड असते, म्हणून खाली जमिनीलगत पसरते. खिडकी आणि दार उघडा.

नखरेवाली (४:३१)
बाप रे. देवघर याच खोलीत आहे, समई दुपारपासून चालू होती. शांत केली. सासूबाईंना काय सांगू ते नंतर बघते. दिराला अ‍ॅक्टिवावर मंगळबाजारात पाठवलंय शुद्ध अ‍ॅसिटोन आणायला.

रावपुरा_रिटर्न्स (४:३३)
मंगळबाजार! किती वर्षांनी नाव ऐकलं. दिराला सांगा येताना शेवउसळ घेऊन या. तिखट रस्सा, वरून तर्री आणि पाव. पुण्यात राहून मी मिसळीवर दिवस काढतोय, पण ती चव नाही ती नाहीच.

भोचक (४:३४)
शेवउसळीला मिसळीच्या पंक्तीला बसवू नका, धागा पेटेल. तेही अ‍ॅसिटोनजवळ.

गोदाकाठ (४:३६)
ते येईपर्यंत कामाचं बोलू. सगळी फॉइलं काढ, हात धुवायला लाव. मग दहाही नखांचा टॉपकोट १८० ग्रिटच्या फाइलने पूर्ण घालव. नखाच्या मधोमध जपून, तिथे खालचं नख लवकर लागतं. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलीन चोप, नाहीतर बोटं पांढरी फटक पडतात. कापूस नखाएवढाच घे. तू बहुतेक अख्खं बोट गुंडाळतेस. फॉइल घट्ट पिळ आणि वरून कोमट टॉवेल टाक. रिमूवर गरम करायला बाटली किंवा वाटी गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नाही. मग १० ते १५ मिनिटं हात लावू नकोस. एकेक बोट उघडायचं, बाकीची बांधलेलीच. पॉलिश सायीसारखं सुरकुतून उठलं तर लाकडी काडीने ढकल. नाही उठलं तर जोर नाही लावायचा, परत पाच मिनिटं बांधायचं.

सुवर्णमध्य (४:४१)
मुळात जेल लावताच कशाला म्हणते मी. युरोपात जेल दिव्याखाली कडक करणारं टीपीओ नावाचं रसायन १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलं. हेमा नावाचं रसायन असलेली जेल तिथे फक्त व्यावसायिकांनाच वापरता येतात, कारण त्याची अ‍ॅलर्जी जन्माची चिकटते. आमच्या वेळी मेंदी होती.

ड्रिलवाली (४:४३)
काढायचं कसं हा प्रश्न आहे ताई, लावायचं का हा नाही.

नखरेवाली (५:२५)
अपडेट. आठ बोटांचं निघालं! खरंच सायीसारखं. पण उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही जशीच्या तशी. तीनदा बांधून झालं. बेन आता बोलतच नाहीयेत, ते जास्त भीतीदायक आहे.

गोदाकाठ (५:२७)
दोनच? हात उलटा कर आणि नखाच्या खालून, तळहाताच्या बाजूने बघ. स्वतःचं नख संपून पुढे वेगळं काही चालू होतंय का?

नखरेवाली (५:३३)
हो!! कड दिसतेय. खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. पाचव्या माळेला रास खेळताना समोरचीची दांडी लागून दोन नखं तुटली, तेव्हा तिसऱ्याच एका पार्लरवालीने "जोडून" दिली आणि वरून तोच हिरवा रंग लावला. मला आधी म्हणाल्या होत्या सगळी माझीच नखं आहेत.

ड्रिलवाली (५:३४)
बिल्डर जेल, नख लांब करायला लावतात ते. हार्ड असेल तर उद्या सकाळपर्यंत अ‍ॅसिटोनमध्ये ठेवलंस तरी हलणार नाही. ते फाइल करूनच उतरवायचं. बघ, आलीस ना माझ्या वाटेवर.

गोदाकाठ (५:३६)
इथे ड्रिलवालीशी सहमत, नोंद करून ठेवा. पण हातानेच कर. लांबी आधी कटरने कमी कर, मग १८० ची फाइल, शेवटी बारीक २४० ची. सारखी धूळ झटकून बघत राहा. जेलची धूळ पांढरी शुभ्र आणि कोरडी असते, नख लागलं की पोत बदलतो. पातळ थर राहिला तर राहू दे, वाढेल तसा कापत जा. आज सगळंच काढायची घाई कशाला?

नखरेवाली (५:३८)
घाई आहे कारण उद्या सकाळी आठला त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. हॉस्पिटलने नखं स्वच्छ करून या म्हणून सांगितलंय.

भोचक (५:३९)
आणि हे तुम्ही दीड तासाने सांगताय.

नखरेवाली (५:४०)
मला वाटलं कोणी काढायला आलं तर का आलं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय :(

पांढरा_कोट_निळी_शाई (५:४५)
भूल विभागात काम करते म्हणून सांगते. बोटाला जो चिमटा लावतात त्यातून लाल आणि अवरक्त प्रकाश बोटाच्या आरपार जातो, त्यावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो. गडद रंग, विशेषतः काळा, निळा, हिरवा, मध्ये आला की आकडा गडबडू शकतो. शिवाय आम्ही नखांचा रंगही डोळ्यांनी बघतो. तुमची आठ बोटं मोकळी आहेत, चिमट्याला एकही पुरतं. त्या दोघांवरचा हिरवा फाइल करून घालवा, खाली पारदर्शक थर उरला तर त्यांना आत्ताच हॉस्पिटलला फोन करून विचारायला सांगा. खरवडून रक्त काढून पाठवू नका, जखम झालेली बोटं आम्हाला जास्त नकोत.

नखरेवाली (६:५०)
झालं. त्यांनी फोन केला, सिस्टर म्हणाली चालेल. पण खरं रामायण पुढे. नखांवर पांढरे डाग दिसले आणि बेन म्हणाल्या, "तमे मारा नख बगाडी नाख्या." (तुम्ही माझी नखं बिघडवलीत.) आणि पैसे? लावताना दिले त्यातच काढायचे आले म्हणे. लावले कुठे, तर दुसरीकडे! दीडशे ठरले होते, शंभर ठेवून गेल्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भांडू कशी? दिराचं पेट्रोल, अख्खी अ‍ॅसिटोनची बाटली आणि तीन तास.

गोदाकाठ (७:०५)
डागांवर तेल लावून बघितलंस का? तेल चोळल्यावर गेले तर नुसता कोरडेपणा. तरीही राहिले तर वरचा पापुद्रा निघालाय. तो तुझ्या हातून की ज्याने जोडलं त्याच्या हातून, हे आता सिद्ध करता येणार नाही, कारण तू आधी फोटो काढला नाहीस. मी दुसरीकडचं काम आलं की हात लावण्याआधी दोन्ही हातांचा फोटो काढते, वरून आणि खालून, आणि क्लायंटलाच व्हॉट्सअ‍ॅप करते.
दर असे: माझ्याकडचं असेल तर १५०, दुसरीकडचं ३००, जोडलेलं नख असेल तर बोटामागे ५० वर. हे दारावर लावलंय. आणि वेळ पाऊण तास सांगते, अर्ध्या तासात झालं तर बाई खूश होऊन जाते.

ड्रिलवाली (७:१२)
मी काढायचे पैसे घेतच नाही, लगेच नवीन लावणार असेल तर. तोच तर धंदा आहे.

गोदाकाठ (७:१४)
म्हणूनच तुझ्याकडच्या मुलींची नखं कधी मोकळा श्वास घेत नाहीत.

रावपुरा_रिटर्न्स (७:२०)
शेवउसळ आणली का नाही शेवटी?

नखरेवाली (दुसऱ्या दिवशी, रात्री ९:४०)
तेलाने बहुतेक डाग गेले, त्या दोन बोटांचे नाही गेले. ऑपरेशन छान झालं. आत्ता हॉस्पिटलमधूनच व्हॉइस मेसेज आलाय, गुंगीतला आवाज: धनतेरसला परत जेल लावायचं, मरून रंगाचं, आणि या वेळी "टिकाऊ". काय उत्तर देऊ? हे लिहिलंय, बघा जरा:
"नमस्ते बेन, तब्येत सांभाळा. तुमच्या दोन नखांवर आत्ता जेल नको, पातळ झालेल्या नखाला दिव्याखाली चटका बसतो. नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटरच वाढतं, ती दोन पूर्ण नवीन यायला चार ते सहा महिने लागतील. बाकी आठांचं तेव्हा बघून सांगते. काढायचे पैसे वेगळे असतात."

गोदाकाठ (९:५२)
शेवटचं वाक्य सगळ्यात वर घे आणि पुढे आकडा लिही. आकडा नसेल तर परत शंभरच ठेवून जातील. धनतेरसला दोन बोटांना साधं मरून नेलपॉलिश लाव, तिला रंग सारखा दिसल्याशी मतलब.

नखरेवाली (१०:०१)
केलं. निळी टिक आली. अजून उत्तर नाही. आणि हो, शेवउसळ आणली होती, अ‍ॅसिटोनच्या वासात कोणी खाल्ली नाही.