डोंगरातलं लाकडी घर, उन्हाळ्याची सुट्टी आणि मुलं: अनुभव आणि युक्त्या

रानपाखरू
माळा आवरताना जुनी वही सापडली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने यादी: काड्यापेट्या ३, रद्दी, चिमटा, शिट्ट्या ५ वगैरे. सगळे उन्हाळे डोळ्यासमोर आले म्हणून हा धागा काढतेय. कोण काय करतं, काय बिघडतं आणि का, ते लिहा.

सुरुवात मी करते. महिनोन्‌महिने बंद असलेल्या घरात पोचल्यावर पहिल्या तासात सामान सोडायचं नाही. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास सगळ्यांनी बाहेर थांबायचं. आत उंदरांच्या लेंड्या असतील तर कोरडा झाडू अजिबात मारू नका. धुळीबरोबर त्यातले विषाणू नाकात जातात. १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी असं मिश्रण फवारून पाच मिनिटं मुरू द्या, मग हातमोजे घालून ओल्या कागदाने टिपा.

नंतर पाणी. मुख्य व्हॉल्व्ह हळू उघडा, सगळे नळ सोडून ठेवा. आधी फुसफुस, मग गढूळ, मग स्वच्छ धार. गीझरचं बटण शेवटी. गरम पाण्याच्या नळाला अखंड धार आल्याशिवाय टाकी भरलेली नसते, आणि कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते. पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त बिघडते ती हीच गोष्ट.

सरपण
छान धागा. शेगडीबद्दल लिहितो. धुराड्याची लोखंडी शेगडी, उघडी चूल नव्हे.

धूर खोलीत मागे येतो त्याची कारणं बहुतेक वेळा दोन. एक, धुराड्याची झडप बंद राहिलेली असते. दोन, धुराड्यात थंड हवेचा खांब बसलेला असतो. थंड हवा जड, ती वर सरकत नाही, मग धूर खाली येतो. शेगडीजवळची खिडकी बोटभर उघडा, रद्दीचा एक बोळा पेटवून शेगडीच्या वरच्या तोंडाशी धरा. घोंघावल्यासारखा आवाज आला की खांब सरकला, आता लाकडं पेटवा.

रचना उलटी करा. खाली मनगटाएवढे जाड ओंडके, त्यावर अंगठ्याएवढ्या काटक्या, सगळ्यात वर ढलप्या, आणि पेटवायचं वरून. ज्योत पहिल्यापासून धुराड्याच्या तोंडाशी राहते, धूर कमी होतो.

लाकूड फोडून किमान सहा महिने वाळलेलं हवं, कठीण जातीचं असेल तर वर्षभर. दोन फाळक्या एकमेकींवर आपटून बघा. खणखणीत वाजली तर वाळलेली, बद्द आवाज आला तर ओली. ओल्या लाकडाने धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि पुढे तोच पेटतो. हंगामात एकदा ब्रश मारून घ्याच.

आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा: रात्री झडप पूर्ण बंद करून झोपू नका. निखारे लाल असेपर्यंत कार्बन मोनॉक्साइड येतच राहतो, त्याला वास नसतो. घरात सगळ्यांचंच एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर तो थकवा समजू नका. सगळे बाहेर पडा. झोपायच्या खोलीजवळ बॅटरीवरचा अलार्म लावा आणि पोचल्याबरोबर बटण दाबून तपासा. कोळशाची शेगडी घरात कधीच नको, खिडकी उघडी असली तरी नको.

मनीमाऊ
वाखुसा (वाचनखूण साठवली)! घाटात मुलांना गाडी लागते त्याबद्दल कोणीतरी लिहा ना, परवा निघायचंय.

शिखरवेडा
+१ सरपण. राख राहिली की. वरून थंड दिसली तरी आत दोन-तीन दिवस निखारा जिवंत राहू शकतो. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवा, लाकडी ओट्यावर नाही.

निळी_छत्री
@मनीमाऊ पुढचा रस्ता दिसेल अशा जागी बसवा, हातात पुस्तक-फोन नको, पोट रिकामंही नको आणि गच्चही नको. दर तासाला थांबा. औषध देणार असाल तर डॉक्टरांकडून वयाप्रमाणे मात्रा विचारून निघण्याच्या आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही.

मनीमाऊ
मनापासून आभार, आजच फोन करते.

कॅनवाला
पहाटे गॅसची छोटी स्टोव्ह फुरफुरते आणि लोक बर्नर बिघडला म्हणून खोलत बसतात. बर्नर ठीक असतो. कॅनमधला ब्यूटेन शून्य अंशांच्या जरा खालीच वायुरूप व्हायचं थांबतो. आयसोब्यूटेन उणे १२ पर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. म्हणून मिश्र गॅसचा कॅन घ्या आणि रात्री अंथरुणाच्या उबेत ठेवा. कॅन आगीजवळ धरून तापवू नका.

उंचीवर अन्न शिजत नाही तेही याच धर्तीचं. २००० मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं. प्रेशर कुकर न्या. ओढ्याचं पाणी पिण्यासाठी खळखळून १ मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं.

शिखरवेडा
चालायच्या वेळेचा हिशोब. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून कामाचा आहे: दर ५ किलोमीटरला १ तास, अधिक दर ६०० मीटर चढाला १ तास. म्हणजे ५ किमी आणि ६०० मीटर चढ असेल तर २ तास. यात विश्रांती धरलेली नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मी दुप्पट धरतो. ती दमतात म्हणून नाही, प्रत्येक बेडकाशी थांबतात म्हणून. थांबू द्यावं.

पहाटे निघा, दुपारच्या आत माथ्यावरून खाली. उन्हाळ्यात जमीन तापली की दुपारनंतर ढग उभे चढतात. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्कं घर किंवा बंद गाडी गाठा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच. एकट्या झाडाखाली नाही, डोंगराच्या धारेवर नाही.

मुलाच्या सॅकचं वजन त्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. पाणी, गरम कपडा, शिट्टी त्याच्याकडेच हवी.

रानपाखरू
शिट्टीचं सांगितलंत ते बरं झालं. संकटाचा इशारा मिनिटात सहा फुंका, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन. मुलांना एकच सांगून ठेवा: चुकलात तर जागा सोडायची नाही, झाडाला मिठी मारून शिट्टी वाजवायची.

निळी_छत्री
ओढा ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, पाय घसरला तर सॅक झटकन टाकता येते. वितळत्या बर्फाचं पाणी असेल तर सकाळी कमी असतं, दुपारी चढतं. परतीची वेळ त्यावर ठरवा. तळ्यावर हवेची ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढा. हनुवटी आत बुडली तर ते मोठं आहे.

गवतफुला
गोचीड!! रोज संध्याकाळी केसांच्या रेषेत, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे, जांघेत बघा. टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची, पिळायचं नाही. रॉकेल, तूप, पेटती काडी काही लावू नका, ती बिथरून लाळ आत सोडते. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा गोल चट्टा आला तर डॉक्टरांना तारखेसकट सांगा.

मनीमाऊ
अवांतर: तिथलं कुलूप दरवर्षी अडकतं, तेल घातलं की चार दिवस चालतं आणि मग आणखी घट्ट. का?

कॅनवाला
तेलात धूळ धरते, तिचा गाळ होतो. पेन्सिलीचं शिसं किसून ती पूड किल्लीच्या खाचांना चोळा आणि किल्ली दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. आधी तेल घातलेलं असेल तर ते पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवा, तेही घराबाहेर आणि आगीपासून लांब.

रानपाखरू
वहीतल्या यादीत शेवटी नुसतं 'पेन्सिल' लिहिलेलं होतं, ते यासाठीच असणार.